मदत हवी आहे: १९७० ची फोक्सवॅगन टाइप २, तिसरा सिलिंडर मिसफायर (नीट पेट घेत नाही)

नमस्कार मंडळी. जर्मनीत आहे, गाडी १६०० सीसी, सिंगल पोर्ट, एअर-कूल्ड. थंड असताना इंजिन छान चालतं. तापलं आणि चढ लागला की फट्-फट् सुरू. आयडलला ३ नंबरची प्लग वायर काढली तर आवाजात काडीचा फरक नाही.

प्लग आणि वायर ४ नंबरशी अदलाबदल करून पाहिली, दोष ३ वरच राहिला. पॉइंट्स (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) नवे, गॅप ०.४ मिमी. मॅनिफोल्डमधून (इनटेकच्या नळीतून) फटीने हवा ओढत असेल म्हणावं, तर सिंगल पोर्टला ३ आणि ४ चा इनटेक एकच. मग ४ ठणठणीत कसा?

खरा संशय वेगळाच. थंड इंजिनवर टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) ०.१५ मिमीला लावले, तरी ३ चा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही दिवसांत पुन्हा घट्ट होतो. कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) तिथेच कमी. ऑइल कूलर त्याच बाजूला, त्यामुळे हा सिलिंडर आधीच जास्त तापतो.

व्हॉल्व्ह ताणला जातोय की त्याची सीट (तो बंद होताना टेकतो ती कडी) खचतेय, हेड न उघडता कळेल का? इंजिन खाली उतरवायचा खटाटोप आहे हो! तोवर टॅपेट लावत जवळपास चालवू, की उभीच ठेवू? तुटलेल्या व्हॉल्व्हने पिस्टन फोडलेला कुणी पाहिलाय का?