प्रति: प्रोटीन डीएनएले चिकटतच नाही

भाऊ, तू कंपनीले शिव्या देऊन राहिला का झिंक फिंगर प्रोटीन (झिंकच्या आधारानं बोटासारखी घडी घेऊन डीएनए धरणारं प्रोटीन) खराब पाठवलं म्हणून, पण आधी तुझा बफर (प्रोटीन ज्या द्रावणात ठेवतो ते) पाय ना. त्यात ईडीटीए (धातूले पकडून ठेवणारं रसायन) असन तं संपलं! नेहमीचं फिंगर म्हंजे जेमतेम 30 अमिनो आम्लांचा तुकडा, दोन सिस्टीन अन् दोन हिस्टिडिन मिळून एक झिंक धरून ठेवतात म्हणून त्याची घडी टिकते, ईडीटीएनं झिंक ओढून घेतलं का घडी उकलली, मंग डीएनए काय धरन ते. आमच्या वरुड-मोर्शीकडे संत्र्यावर चिलेटेड झिंक फवारतात, त्यातही हेच ईडीटीए झिंकले कवटाळून बसलेलं असते. बफरमधी थोडं झिंक क्लोराइड टाक, फक्त फॉस्फेट बफर नको, त्यात झिंक खाली बसते. डीटीटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) थोडंसं ठेव, सिस्टीन ऑक्सिडाइज होऊ नाही म्हणून.

अन् प्रोटीनची ट्यूब घडीघडी वितळवू नको बाप्पा, आल्याबरोबर छोटे भाग करून उणे 80 अंशाले ठेव. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात कुठचं उणे 80, साधा फ्रिज, मे महिन्यात रातभर लाइन गेली अन् सकाळी सारं कोमट पाणी. तेव्हापासून माह्या ट्यूबा नागपूरले मित्राच्या लॅबमधी असतात, थर्मासमधी बर्फ टाकून एसटीनं आणतो.