हिस्पॅनिक मॅनेजर आणि संस्कृती: खरंच काही संबंध असतो का?

डॅलसकर:
आमची मॅनेजर हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी नातं असलेली), मूळची मॉन्तेर्रेची, मेक्सिकोतली. मीटिंगआधी घरच्यांची चौकशी ठरलेली. कुणाचं चुकलं तर चारचौघांत बोलणार नाही, नंतर बाजूला घेऊन सांगेल. वरिष्ठांना मात्र तोंडावर कधीच 'नाही' म्हणत नाही. गोऱ्या सहकाऱ्यांना हा वेळकाढूपणा वाटतो, आम्हाला घरच्यासारखं वाटतं. वरिष्ठ-कनिष्ठ उतरंड लोक किती गृहीत धरतात, हे हॉफस्टेड या डच संशोधकाने आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणातून मोजलं होतं: मेक्सिको ८१, अमेरिका ४०. संस्कृतीचा परिणाम नसतो म्हणणाऱ्यांनी हे समजावून सांगावं.

तिरपागडा:
त्याच यादीत ग्वातेमाला ९५ आणि कोस्टा रिका ३५, म्हणजे अमेरिकेपेक्षाही कमी! दोन्हीकडचे लोक हिस्पॅनिकच. मग कुठली संस्कृती म्हणताय? 'हिस्पॅनिक' हा अमेरिकी सरकारने १९७७ मध्ये आकडेवारीच्या सोयीसाठी व्याख्या केलेला रकाना आहे. मायामीतला क्युबन आणि सॅन अँटोनिओत चार पिढ्या काढलेला मेक्सिकन-अमेरिकन एकाच पोत्यात! शिवाय ते आकडे १९६७ ते ७३ दरम्यानचे, आणि देशाची सरासरी एकेका माणसाला लावू नका हे खुद्द हॉफस्टेडच सांगायचा.
रोबेर्तो गोइसुएता घ्या. जन्म हवानाचा, १९८१ ते ९७ कोका-कोलाचा प्रमुख. भागधारकांचा फायदा हाच त्याचा जप. १९८५ मध्ये कोकची चवच बदलली, लोक खवळले तशी तीन महिन्यांच्या आत जुनी परत आणली. यात हवाना कुठे दिसतं?

डॅलसकर:
गोइसुएता सधन घरातला, येलला शिकलेला. मॉन्तेर्रेत शिकून तिथेच पहिली नोकरी केलेल्या बाईशी त्याची तुलना कशी होईल?

मोगरा_ह्यूस्टन:
एचआरमध्ये आहे म्हणून लिहिते. अशा मॅनेजरच्या वार्षिक मूल्यमापनात 'ठाम भूमिका घेत नाही' असा शेरा हमखास येतो. तिच्या टीममधून माणसं सोडून जात नाहीत, पण त्याला फॉर्मवर रकानाच नाही. बढती तिथे अडते. तेव्हा संस्कृती शोधायचीच तर शेरा लिहिणाऱ्या साहेबाचीही शोधा. आणि डॅलसकर, घरच्यासारखं वाटतं तिथे शनिवारी काम सांगितलं तरी नाही म्हणवत नाही, हेही लिहा की!

तिरपागडा:
मोगराताई, +१. पण शनिवारी राबवून घ्यायला मेक्सिकन कशाला लागतो? आमचे नाशिकचे साहेब चहा पाजून, मुलाची दहावी विचारून हेच करायचे. त्यांना कोण हिस्पॅनिक म्हणेल?

डॅलसकर:
त्या यादीत भारत ७७ आहे.