टाइप 1 डायबेटिस: सगळ्याच मुलांची अँटीबॉडी तपासणी हवी का?

तिरकस: इटलीने 2023 मध्ये कायदा केला: 1 ते 17 वयाच्या मुलांची टाइप 1 (शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं तो डायबेटिस) आणि सिलिअ‍ॅकसाठी (ग्लूटेन न सोसण्याचा आजार) सरकारी खर्चाने रक्ततपासणी. लगेच आमच्या फॅमिली ग्रुपवर "आपल्याकडे का नाही?" सुरू. मला पटत नाही.

जीएडी, आयए-2, झेडएनटी8 ही प्रथिनं आणि इन्सुलिन यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडी (या हल्ल्याच्या खुणा) साखर वाढायच्या कित्येक वर्षं आधी रक्तात दिसतात, मान्य. दोन किंवा जास्त सापडल्या तर दहा वर्षांत साधारण 70 टक्के मुलांना डायबेटिस होतो, तेही मान्य. पण जर्मनीतल्या बव्हेरियात 90 हजारांवर मुलं तपासली, तेव्हा अशी निघाली 280. हजारात तीन. त्यांच्या आईबापांच्या हातात काय देणार? टेप्लिझुमॅब हे औषध आजार दोनेक वर्षं पुढे ढकलतं, आणि अमेरिकेत ते आलं तेव्हा एका कोर्सची किंमत दोन लाख डॉलरच्या घरात होती.

अबोली: माझा मुलगा सात वर्षांचा होता. उलट्या, पोटदुखी. गॅस्ट्रो म्हणून सलाईन लावलं. रात्री धाप लागली तेव्हा एका सिस्टरने बोटाला सुई टोचली. मीटरवर आकडा नाही, नुसतं 'हाय'. तिथून थेट आयसीयू. मला औषध नको होतं हो. आधी कळलं असतं तर पहिल्याच उलटीला साखर बघितली असती. बव्हेरियात आधी सापडलेल्या मुलांपैकी फार थोडी केटोअ‍ॅसिडोसिसपर्यंत (इन्सुलिनअभावी रक्त आम्लयुक्त होण्याची जीवघेणी अवस्था) गेली. हे तुमच्या हिशेबात कुठे आहे?

तिरकस: ताई, तुमच्यावर काय गुदरलं असेल कळतं. पण तिथे अँटीबॉडी नव्हे, ग्लुकोमीटरची पट्टी हवी होती. त्याच इटलीत, पार्मा जिल्ह्यात, 1991 पासून शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांकडे पोस्टर लावले: मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर साखर तपासा. डॉक्टरांना मीटर दिले. नव्या पेशंटांमधलं केटोअ‍ॅसिडोसिस 78 टक्क्यांवरून साडेबारावर आलं. आपल्याकडे आधी हे करा. तपासणी करायचीच तर पेशंटच्या भावंडांची करा.

घाटमाथा: भावंडांपुरतीच केलीत तर बहुतेक मुलं निसटतील. टाइप 1 होणाऱ्या दहातल्या सुमारे नऊ मुलांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो. आणि पोस्टर विरुद्ध तपासणी ही लढत तुम्हीच लावलीत. इटलीने दोन्ही केलं.

सुपारी_नको: साखर नॉर्मल असलेल्या मुलीच्या कपाळावर हा शिक्का बसला की पुढे स्थळं बघताना काय होईल, यावर कुणी बोलणार का? आजार झाल्यावरही लोक इन्सुलिन लपवून टोचतात.

अबोली: म्हणून तपासायचंच नाही? लपवणाऱ्यांना समजवा.

स्लाइडवाला: लॅबमध्ये काम करतो. अँटीबॉडी निगेटिव्ह म्हणजे टाइप 1 नाही, असं धरू नका. त्यासाठीच पुण्याच्या केईएम रुग्णालयाने ब्रिटनच्या एक्सेटर विद्यापीठाबरोबर जनुकीय स्कोअर (जनुकांवरून टाइप 1 चा धोका सांगणारा आकडा) भारतीय पेशंटांवर तपासून पाहिला. टाइप 1 आणि 2 वेगळे ओळखायला त्याचा उपयोग होतो, फक्त युरोपियन लोकांइतका नाही. सरसकट तपासणीवर माझं मत अजून बनलेलं नाही.

अबोली: धाकटी पाच वर्षांची आहे. तिची फक्त जीएडी केली तर पुरे?

स्लाइडवाला: नको. लहान वयात इन्सुलिनविरुद्धची अँटीबॉडी बऱ्याचदा आधी येते, एकट्या जीएडीवर ती सुटेल. चारही करा. पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या नमुन्यावर खात्री करून घ्या, एकच आलेली कधीकधी पुढे नाहीशीही होते. तुमच्या मोठ्या मुलाची मात्र इन्सुलिनवाली करू नका. टोचलेल्या इन्सुलिननेही ती पॉझिटिव्ह येते.