डॉबरमनचे कान : शॉर्ट, मिडीयम की शो कट? आणि मुळात कापायचेच का?

अनगोळकर

आपल्या भागात डॉबरमनचं पिल्लू घरात आलं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, कान उभे राहावेत म्हणून कापायचे तर कट कुठला द्यायचा, शॉर्ट, मिडीयम की लांब शो कट. बेळगावपासून निपाणी, चिकोडी, संकेश्वरपर्यंत हेच. माझं म्हणणं आहे की लांबीचा प्रश्न विचारूच नये. कान कापूच नयेत.

सात ते बारा आठवड्यांच्या जिवाला पूर्ण भूल द्यायची, कानाच्या पाळीची कड कूर्चेसकट कापायची, टाके घालायचे आणि पुढं महिनोन् महिने कान पट्टीत बांधून ठेवायचे. ह्यात पिल्लाच्या वाट्याला काय येतं? काही नाही. ही जात घडवली जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या कार्ल फ्रीडरिश लुईस डोबरमान ह्या कर वसूल करणाऱ्या माणसानं, १९ व्या शतकाच्या शेवटी. त्याच जर्मनीत १९८७ पासून कान कापायला बंदी आहे. एफसीआय म्हणजे कुत्र्यांच्या जातींची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिचं डॉबरमनचं मानक, क्रमांक १४३, तेही आता नैसर्गिक कानच मागतं.

आपल्याकडचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा वाचा. ११ व्या कलमात प्राण्याचं अंग छाटून विद्रूप करणं गुन्ह्यात येतं. गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण टोचणं एवढ्यालाच ठरल्या रीतीनं केलं तर सूट आहे. कुत्र्याचे कान त्या यादीत नाहीत.

ज्यांना कापणं बरोबर वाटतं त्यांनी कारण सांगावं. “दिसायला रुबाबदार” हे कारण मी धरणार नाही.

निपाणीवाला

अण्णा, रुबाब बाजूला ठेवूया. आमच्याकडं तंबाखूच्या वखारीवर आणि मळ्यावर डॉबरमन वडिलांच्या काळापासून आहेत. राखणीच्या कुत्र्याचा कान लोंबता असला की झटापटीत समोरच्याच्या हातात पहिला तोच येतो. उसात, काट्याकुट्यात फिरताना पाळी फाटते. पातळ पाळी फाटली की रक्त थांबत नाही, कुत्रं डोकं झटकत राहतं आणि भिंतीवर सगळीकडं शिंतोडे. हे मी बघितलंय, म्हणून बोलतोय.

आता कटाचं. शॉर्ट कटात पाळीचा जास्त भाग जातो, बुंधा रुंद राहतो आणि कान थोड्या आठवड्यांत उभा राहतो. राखणीच्या कुत्र्याला तोच बरा. मिडीयमला वेळ जास्त लागतो. शो कट सगळ्यात लांब आणि निमुळता, त्याला वजन असतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात दात बदलायला लागले की उभा झालेला कानसुद्धा परत पडतो, पुन्हा बांधावा लागतो. लोक फोटो बघून शो कट मागतात आणि दोन महिन्यांत कंटाळून पट्टी सोडतात. मग एक कान उभा, एक आडवा. दोष कटाचा नसतो, मागच्या काळजीचा असतो. ज्याला जमणार नाही त्यानं कापू नये, एवढं मला मान्य. पण सरसकट कुणीच कापू नये, हे मान्य नाही.

काकतीची ताई

राखणीचं कारण सांगणाऱ्या दादांना एक विचारते. मुधोळ आपल्या शेजारी, बागलकोट जिल्ह्यात. मालोजीराजे घोरपड्यांनी जपलेली मुधोळ हाऊंडची जात. त्या कुत्र्याचे कान लोंबते, पातळ, डोक्याला चिकटलेले. ससा, कोल्ह्यामागं काट्यातून धावणारंच कुत्रं ते. त्याचे कान कुणी कापले नाहीत. २००५ साली टपाल तिकिटावर आलं तेही लोंबत्या कानांनीच. सैन्यानं घेतलं तेव्हाही कान तसेच होते.

निपाणीवाला

ताई, मुधोळ पळणारं कुत्रं आहे, अंगावर जाणारं नाही. दोन्हीचं काम वेगळं.

पशुवैद्यक, खानापूर रोड

मी कान कापत नाही, हे आधी सांगतो. कुणाला पटवायला नाही, पण काही गोष्टी इथं चुकीच्या पसरू नयेत म्हणून लिहितोय.

“उभा कान असला की कान फुटत नाही” असं आमच्याकडं येणारे कितीतरी लोक सांगतात. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. बहुतेक कानदुखी ॲलर्जी, ओल, कानातल्या सूक्ष्म किडी ह्यांनी होते. बाहेरची पाळी छाटून आतली नळी बदलत नाही. उभा कान असलेल्या जर्मन शेफर्डचे कान फुटलेले मी नेहमी बघतो. उभ्या कानानं जास्त ऐकू येतं, हेही कापण्याइतकं ठोस कारण नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डॉबरमनमध्ये फॉन विलेब्रांड नावाचा रक्त न गोठण्याचा आनुवंशिक दोष फार आढळतो. वरून पिल्लू एकदम ठणठणीत दिसतं. कापल्यावर कड झिरपत राहते. शस्त्रक्रियेआधी वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला बारीक छेद घेऊन रक्त किती वेळात थांबतं हे बघता येतं, पण कुणाच्या घरी कान कापून घेताना हे कोण बघतंय? आणि हे वय लसीकरण चालू असतानाचं. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलटी-जुलाबाच्या रोगाची लस १६ आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्यानं चालू असते. त्यातच कापणं, पट्ट्यांसाठी फेऱ्या, दवाखान्यातली फरशी.

दादांचा पाळी फाटण्याचा मुद्दा खोटा नाही. फाटते. पण फाटलेली एक पाळी शिवता येते. ती फाटेल म्हणून प्रत्येक पिल्लाच्या दोन्ही पाळ्या आधीच कापणं मला वैद्यक म्हणून पटत नाही.

संकेश्वर_०४

कायदा कायदा म्हणताय, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. कोण भिणार? माझ्याकडं पिल्लू ब्रीडरकडूनच कापून आलंय, शो कट. पावसाळा चालू आहे आणि पट्टीला वास यायला लागलाय. आता कापायचं का नाही ह्यावर वाद घालून माझ्या पिल्लाला काय मिळणार? पट्टीचं कुणीतरी सांगा.

शहापूरकर

माझं मत कडक आहे. इथं पट्टी बांधायची रीत सांगायची म्हणजे पुढच्या माणसाला हिंमत द्यायची. उद्या कुणीतरी हाच मजकूर वाचून म्हणणार, सोपं आहे की, आपणही करूया. न सांगितलेलं बरं.

अनगोळकर

शहापूरकर, तुमचा राग मला कळतो, पण इथं मी तुमच्या बाजूचा नाही. कापणारा निघून गेला, पिल्लू राहिलं. त्याला वास येतोय म्हणजे आत काहीतरी सडतंय. मी कापण्याच्या विरोधात आहे तो पिल्लाच्या दुखण्यामुळं. मग तेच दुखणं समोर असताना गप्प बसलो तर माझ्या विरोधाला काय अर्थ? डॉक्टर, सांगा.

पशुवैद्यक, खानापूर रोड

संकेश्वरवाल्यांनी हे आत्ता वाचलं असेल तर पट्टी आत्ताच काढा. हळूहळू, खेचून नाही, चिकट जागी थोडं खोबरेल लावून. आत ओल, पू, हिरवट खपली किंवा कानाचं टोक थंड, काळपट लागलं तर त्याच दिवशी दवाखाना. पट्टी घट्ट बसली की रक्त पोचत नाही आणि टोक मरतं. मेलेलं टोक परत येत नाही.

आपल्याकडचा जून ते सप्टेंबर ह्या कामाला सगळ्यात वाईट. खानापूरच्या पट्ट्यात तर भिंतीसुद्धा ओल धरतात. पट्टी भिजली की वार बघायचा नाही, त्याच दिवशी बदलायची. एरवी पाच-सात दिवसांनी बदलतात, आणि मधे कान काही तास मोकळा, कोरडा ठेवतात. टाक्यांची कड भरल्याशिवाय ताण देऊन बांधायचं नाही. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर कान ओरबाडू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर हवीच आणि दुसरी पिल्लं वेगळी. माशा बसल्या की जखमेत आसडी, म्हणजे अळ्या, पडायला वेळ लागत नाही, म्हणून पिल्लू गोठ्याजवळ बांधू नका.

हळद-तेल, फिनेल, टर्पेंटाइन यातलं काहीही जखमेला लावू नका. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्याला ती विषासारखी ठरू शकतात. वेदनेचं औषध वजनावर ठरतं, ते आम्ही देतो.

आणि कान पडला तर पडू द्या. परत परत बांधून पिल्लाला सतावू नका. पडलेल्या कानानं कुत्र्याचं काहीही बिघडत नाही.

निपाणीवाला

डॉक्टरांनी पट्टीचं लिहिलेलं सगळं बरोबर आहे. एकच भर घालतो. जखम भरताना कड आखडते, म्हणून भरल्यावर बोटांनी कान वरच्या दिशेला हळू चोळत राहायचं. पण शेवटचं वाक्य मला पटलं नाही. कापलेला कान अर्धवट सोडला तर कापल्याचं दुखणं वाया गेलं. धरलंय तर शेवटपर्यंत करायला पाहिजे.

काकतीची ताई

वाया गेलं ते माणसाचं, दादा. पिल्लाला कान उभा राहिला काय आणि पडला काय, दोन्ही सारखंच.

संकेश्वर_०४

पट्टी काढली. उजव्या कानाच्या बुंध्याशी पू होता, टोक गरम आहे. दवाखान्यात निघालोय. इथं जवळपास कुणी नीट शो कट देणारं आहे का, दुसऱ्या पिल्लासाठी? भाऊ घेणार आहे.

अनगोळकर

पुवाचं सांगितलंत, बरं केलंत. डॉक्टर सांगतील तो औषधाचा कोर्स पूर्ण करा, मधे सोडू नका. पण दुसऱ्या पिल्लासाठी कोण कापतो ह्याचा पत्ता इथं कुणी देऊ नये, ही माझी विनंती आहे. पट्टीबद्दल रात्री दोन वाजता विचारलंत तरी उत्तर देईन. भावाला मात्र एवढंच सांगा की पिल्लू घे आणि कान राहू दे. ब्रीडरला आगाऊ पैसे देतानाच सांगायचं, कापलेलं पिल्लू घेणार नाही म्हणून. कापून हातात आल्यावर सांगून उपयोग नाही.

निपाणीवाला

पत्ता मीही देणार नाही. पण कापायचं की नाही हे भावाला ठरवू द्या.