पावसात कॅमेरा नेलात, पुढे काय झालं? (अनुभव धागा)

पोदेर_सातवाजता

शेजारच्या मुलाने नवा कॅमेरा घेतलाय. काल संध्याकाळी छत्री झटकत बलकांवात आला आणि म्हणतो, "काका, हा वेदर सील्ड आहे, माशेलच्या चिखलकाल्याला नेला तर चालेल ना?" वेदर सील्ड म्हणजे फटींना रबर लावून पाणी अडवणारा. बॉडी खरंच चांगली आहे. लेन्स मात्र सोबत मिळालेली १८-५५. ती काढून माउंटच्या (लेन्स बॉडीला बसते त्या जागेच्या) कडेवरून बोट फिरव म्हटलं. रबराची बारीक रिंग असते ती नव्हतीच. मग बॉडीला कितीही सील असो, पाण्याला वाट तिथून मोकळी.

त्याच्याशी बोलता बोलता माशेलच्याच देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानातली चिखलकाल्याची एक जुनी द्वादशी आठवली. अंगाला तेल चोपडलेले पोरगे चिखलात लोळतायत, वरून संततधार, आणि माझ्या शेजारी मुंबईहून आलेला एक पाहुणा टेलिझूम सारखा आत-बाहेर करतोय. नळी बाहेर आली की तिच्यावर पाणी, आत ओढली की त्यातलं थोडं आत. शिवाय नळी बाहेर येताना लेन्स हवा ओढते, आणि आषाढातली हवा म्हणजे अर्धं पाणीच. तासाभरात त्याच्या पुढच्या काचेआड धुकं धरलं. कॅमेरा ठणठणीत चालू, दिसत काही नाही. पोरगे बिचारे पोझ देऊन थकले.

माझं मत असं की आपल्याकडे कॅमेरा सरीत मरत नाही. सर थांबल्यावर ओल्या बॅगेत चेन लावून पडतो, तेव्हा मरतो. तुमचं काय? कुठला कॅमेरा, कुठली लेन्स, किती पाऊस आणि नंतर काय झालं, लिहा.

रातकिडा

आंबोली, जुलै, रात्री दहानंतर. बेडूक आणि चापडे (साप). ओएम-१ कॅमेरा आणि ६० ची मॅक्रो लेन्स. दोघांनी अजून तक्रार केलेली नाही, बॉडीवरून पाणी ओघळत असतं तरी. पंचाईत होते ती फ्लॅशची. साधा फ्लॅश सील नसतो, आणि मॅक्रोवाल्याला फ्लॅशशिवाय रात्री काय दिसणार? मी फ्लॅशला पिशवी बांधतो, फक्त तोंड उघडं.

अजून एक, टचस्क्रीन बंद ठेवा. स्क्रीनवर थेंब पडतात आणि फोकस पॉइंट आपोआप फिरायला लागतो. चापडा फांदीवर निवांत आणि माझा फोकस मागच्या कारवीवर.

म्हापशेकर

@रातकिडा त्या कॅमेऱ्याला आयपी ५३ आहे ना? म्हणजे नक्की किती पाऊस?

रातकिडा

हो. आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचं मानांकन. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरका येणारा फवारा. ४ असेल तर कुठूनही उडालेलं पाणी. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. चाचणी गोड्या पाण्यात, नव्या कोऱ्या नगावर. आणि आमच्या कावळेसादला वाऱ्याने धबधबा दरीतून उलटा वर येतो, तो कोन कुठल्या तक्त्यात बसवायचा ते तुम्हीच सांगा.

म्हापशेकर

हाहा. मग माझ्या कॅमेऱ्याला आकडाच नाही, नुसतं "धूळ व ओलावा प्रतिरोधक" लिहिलंय.

रातकिडा

बहुतेकांचं तेच. लायका एसएल२ ला आयपी ५४ आहे, घ्या.

म्हापशेकर

घेतो. आधी एक काजूचा डोंगर विकतो.

आबोली_फातर

आमच्याकडे सांजांवला (जूनमधला सेंट जॉनचा सण) घरचेच सगळे विहिरीत उड्या टाकतात. भाच्याने डोक्यावरच्या कोपेलात (फुलांच्या मुकुटात) छोटा अॅक्शन कॅमेरा खोचला होता, गोप्रो हीरोच्या पुढच्या पिढीतला (हीरो ५ पासून तो केसशिवाय १० मीटरपर्यंत चालतो). उडी मारली, कोपेल वर तरंगलं आणि कॅमेरा तळाला. पाणी उपसायचा पंप लावून काढला. चालूच होता! रेकॉर्डिंगमध्ये खालून वर दिसतात नुसते पाय, तरंगणारी फुलं आणि वरून वाकून बघणारी माझी आई. ती काय बोलते ते पाण्याखाली ऐकू येत नाही, हे बरंच झालं.

दर्यावयलो

गोड्या पावसाला भिऊ नका. खारं पाणी बघा. बेतुलला आणि काब द रामला पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, नुसतं कठड्यावर उभं राहिलं तरी चष्म्यावर मीठ बसतं. तो फवारा लेन्सवर वाळला की झूम रिंगच्या खोबणीत पांढरी कड येते आणि फिरवताना करकर वाजते. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यात पंचा भिजवून, घट्ट पिळून पुसायचं. मग कोरडा हात. उद्या पुसू म्हणाल तर तोवर स्क्रूंना गंज लागतो. सीलचं रबरसुद्धा कायमचं नसतं, वर्षं गेली की कडक होतं.

कासव_छाप_छत्री

फोन भिजला तर तांदळात ठेवायचा ना? कॅमेराही ठेवू का?

दर्यावयलो

तांदूळ उकडे की सुरय?

आबोली_फातर

उकडे ठेव, निदान पेज तरी होईल.

रातकिडा

गंमत राहू दे, तांदूळ खरंच नको. ओलावा फारसा ओढत नाहीत आणि पीठ बटणांच्या फटीत जातं. भिजला की आधी बंद, बॅटरी आणि कार्ड बाहेर, सगळी झाकणं उघडी, लेन्स वेगळी. पंख्याखाली. चालतो का ते बघायला म्हणून चालू करून बघू नका, शॉर्ट होतो तो तेव्हाच. हेअर ड्रायरही नको.

तिसवाडी_लोकल

झाकणांवरून आठवलं. व्हिडिओवाले बाहेरचा माइक लावतात तेव्हा बाजूची रबरी पट्टी उघडीच राहते. मग सील कसलं! वरच्या हॉट शूचं (फ्लॅश बसतो त्या खाचेचं) पण तेच, तिथे पाणी साचतं. प्लास्टिकची छोटी टोपी मिळते ती सरकवून ठेवा. आणि बॉडी-लेन्स दोन्ही सील्ड असून पाणी गेलं तरी वॉरंटी नाही म्हणतात. माझ्या ओळखीच्याला सर्व्हिस सेंटरने हेच ऐकवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, वाद नको.

जुनंतेसोनं

२००९ मध्ये पेंटॅक्सने साध्या १८-५५ ला पण डब्ल्यूआर (वेदर रेझिस्टंट) सील दिलं होतं. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या स्वस्त किट लेन्सला! आजही पुष्कळजण देत नाहीत. माझी अजून चालते.

म्हापशेकर

आले पेंटॅक्सवाले. वाटच बघत होतो.

जुनंतेसोनं

गोव्यात आम्ही दोघंच आहोत, दुसरा कोण ते शोधतोय.

सावईची_बाय

तुम्ही सगळे पावसाचं बोलताय, मी बुरशीचं बोलते. चवथीला माटोळीचे (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या छताचे) फोटो काढायचे म्हणून बाबांची जुनी ५० एमएम बाहेर काढली. मॅन्युअल लेन्स, धातूची, हातात घेतली की वजन कळतं. टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, कडेकडून मध्याकडे निघालेले. ही लेन्स कधी पावसात गेलेलीच नाही! चामड्याच्या केसमध्ये, कपाटात, वर नॅप्थलीनच्या गोळ्या. दुरुस्तीवाले म्हणाले बुरशी निघेल, पण खालचं कोटिंग खाल्लंय, तो डाग राहणार. चामडं ओल धरून ठेवतं हे पण त्यांनीच सांगितलं. बाबांना अजून पटलेलं नाही, "केस ओरिजिनल आहे" म्हणतात.

आता आम्ही स्वयंपाकघरातला हवाबंद डबा वापरतो, आत सिलिका जेल आणि आर्द्रतेचा छोटा मीटर. ४० ते ५० टक्क्यांत ठेवते. फार खालीही नको, जुन्या लेन्सचं ग्रीस वाळतं म्हणे. घरात मीटर बाहेर ठेवला तर जुलैत ९० दाखवतो, बघवत नाही.

तिसवाडी_लोकल

विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्या ना ताई.

सावईची_बाय

आमच्याकडे पाऊस आला की वीज जाते हो. डबा बरा.

पोदेर_सातवाजता

आमच्या लहानपणी कपाटात झिरोचा बल्ब पेटता ठेवायचे. कॅमेराही कोरडा आणि झुरळंही येत नव्हती.

भिवपाची_गरज_आसा

दूधसागरला जायचंय रविवारी. कुळ्याहून रुळांवरून चालत गेलं तर अकराच्या आत पोचू का? कॅमेरा सील्ड आहे.

रातकिडा

रुळांवरून चालायला मनाई आहे भाऊ, पकडतात. जीपही पावसाळ्यात बंद. रेल्वेगाडीच्या खिडकीतून जे मिळेल ते.

भिवपाची_गरज_आसा

खिडकीतून कसला फोटो येणार

जुनंतेसोनं

३१० मीटर धबधबा आहे, खिडकीत मावत नाही हे खरं. पण फवारा मात्र पुरेपूर येतो आत :)

फणस_काप्या

पोरं झोपलीत तोवर लिहितो. एसी गाडीतून उतरलं की लेन्सवर भस्सकन धुकं बसतं ते कोणी लिहिलं नाही. काच थंड, बाहेरची हवा दमट. पुसून उपयोग नाही, परत येतं. चोर्ल्याला जाताना मी कॅमेऱ्याची बॅग डिकीत टाकतो, एसीपासून लांब. हॉटेलच्या खोलीतून निघताना झिपच्या पिशवीत बंद करून बाहेर न्यायचा आणि तसाच वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचा, मग उघडायचा. आणि कॅननची १७-४० लेन्स वगैरे असेल तर पुढे फिल्टर लावल्याशिवाय सील पुरं होत नाही, मॅन्युअलमध्येच लिहिलंय. हूड लावाच, निम्मे थेंब तिथेच अडतात. उठलं एक, येतो.

कासव_छाप_छत्री

हॉटेलातली शॉवर कॅप कॅमेऱ्याला अगदी मापात बसते. मी गोळा करते.

आबोली_फातर

माझ्या नवऱ्याला सांगू नकोस, तो साबण पण आणतो.

तिसवाडी_लोकल

@सावईची_बाय सिलिका निळी वापरता की नारिंगी?

सावईची_बाय

निळी होती, ओली झाली की गुलाबी व्हायची. तिच्यात कोबाल्ट असतं कळल्यावर डबा स्वयंपाकघरातून हलवला. आता नारिंगी, ती हिरवी पडते. मग जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करायची, रंग परत येतो. तवा वेगळा ठेवलाय, पोळ्यांचा नाही.

म्हापशेकर

नारिंगी म्हापशाला मिळते का कुठे? शुक्रवारच्या बाजारात तर पाहिली नाही.

सावईची_बाय

बाजारात नको शोधू. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना सामान पुरवतात त्यांच्याकडे विचार, किलोवर देतात. मला अर्धा किलो जास्त झालीय, फोंड्याला येत असशील तर घेऊन जा.