शब्दचर्चा: पाव

परवा भाच्याला यादी देऊन दुकानात पाठवलं: पाव किलो पोहे, सहा पाव. तो दारातूनच परत आला आणि म्हणाला, "सहा पाव म्हणजे दीड ना? मग दीड काय आणू?" गणित अगदी बरोबर होतं, भूक वेगळी होती. तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळतोय.

खायच्या पावाबद्दल आमच्या आजीचं ठाम मत होतं. पीठ पायांनी तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात, आणि म्हणूनच तो आपण खायचा नाही. त्याच भट्टीतून आलेली नानकटाई मात्र तिला चालायची. हिंदीत पायाला 'पाँव' म्हणतात, त्यामुळे ही व्युत्पत्ती अजूनही बरेच जण छातीठोकपणे सांगतात. दुसरा एक तर्क म्हणजे लादीचा चौथा हिस्सा तो पाव. दोन्ही चूक. हा पाव पोर्तुगीज आहे. त्यांनी 1510 साली गोवा घेतलं, तिथून तो आपल्याकडे आला. पोर्तुगीजमध्ये त्याचा उच्चार साधारण 'पांव' असा, शेवटी चांगला नाकात जाणारा. मूळ लॅटिन 'पानिस'. स्पॅनिशमधला 'पान' आणि इटालियनमधला 'पाने' ही त्याची सख्खी भावंडं.

तो नाकातला सूर महत्त्वाचा आहे. लिस्बनच्या बेकरीत आपल्या मराठी थाटात, कोरडा 'पाव' मागितलात तर ऐकणाऱ्याला 'पाउ' ऐकू येईल, आणि 'पाउ' म्हणजे लाकूड, दांडका. लाल रंग देणारं 'पाउ-ब्राझील' नावाचं एक झाड आहे, त्यावरून ब्राझील देशाचं नाव पडलं, तो हा 'पाउ'. पोर्तुगीज 1543 साली जपानला पोचले आणि तिथेही हा शब्द ठेवून आले. जपानी माणूस आजही ब्रेडला 'पान' म्हणतो. म्हणजे जपान्यांनी शेवटचं अनुनासिक जपलं, आपण ते गिळलं. गोव्यातल्या पोदेराच्या नावातही हाच पाव आहे, कारण पोर्तुगीज 'पादेइरु' म्हणजे पाववाला. सायकलवर मोठी टोपली, भोंग्याचा पों-पों, आत गरम उंडे आणि पोया. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालायचे.

या घराण्याचा एक नातेवाईक तर आपल्याकडे राज्य करून गेला. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे पाव. एकत्र बसून पाव खाणारे ते सोबती, आणि अशा सोबत्यांचा जमाव म्हणजे कंपनी. कंपनी सरकारच्या पोटात पाव होता, हे कळल्यावर मी तरी थोडा वेळ गप्प बसलो होतो.

आता मापाचा पाव. हा संस्कृत 'पाद'. जनावराला चार पाय, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. पुरुषसूक्तात सगळी भूतमात्रं हा त्या पुरुषाचा एक पाद आणि उरलेले तीन पाद अमृत, असं म्हटलंय, तिथेही हाच हिशोब आहे. सपाद म्हणजे पावासकट, त्याचा सव्वा झाला. पादोन म्हणजे पाव कमी, त्याची पाऊण झाली. पावशेर (जुना शेर सुमारे 933 ग्रॅमचा, म्हणजे हा 233 ग्रॅमच्या आसपास) आता गुत्त्याच्या भाषेतच काय तो उरलाय. चार आण्यांची पावली पुढे 25 पैसे झाली आणि 30 जून 2011 पासून चलनातूनही गेली. म्हणजे पायाशी नातं आजी सांगायची ते होतं खरं, पण या पावाचं. तिने ते भलत्या पावाला चिकटवलं.

तिसरा पाव देवळातला. 'संकटी पावावें' मधला. हा 'प्राप्' धातूवरून आलेला: पोचणे, मिळणे, प्रसन्न होणे. म्हणून देव नवसाला पावतो, माणूस मरण पावतो आणि पैसे पोचल्याची पावती मिळते. कोकणीत 'हांव घरा पावलों' म्हणजे मी घरी पोचलो. तिथे देवाबिवाचा काही संबंध नाही, बस वेळेवर मिळाली एवढंच. पाऊस या घरचा नाही, तो 'प्रावृष्' वरून आला. पावनही नाही, तो 'पू' धातूचा.

मलेशिया-सिंगापूरकडे वाफवलेल्या सारणाच्या गोळ्याला 'पाउ' म्हणतात. दिसतो पावासारखा, खायचाही तसाच, त्यामुळे आपला पाव चीनमधून आला असं कुणी म्हटलं की लगेच पटतं. पण तो चिनी 'बाओ', म्हणजे गुंडाळणे, पुडी. योगायोग आहे निव्वळ. चेक भाषेत 'पाव' म्हणजे मोर आणि कॅटलानमध्ये 'पाउ' म्हणजे शांतता. हवाई बेटांवर 'पाउ' म्हणजे संपलं. पाव संपल्यावर बेकरीवाल्याने लावायला पाटी छान आहे.

आमच्या घरी पावकी, म्हणजे पावाचा पाढा, पाठ असणारं शेवटचं माणूस म्हणजे आजीच. बे पाव अर्धा, त्रिक पाव पाऊण, अशी काहीशी चाल आठवते, पण पुढे अडतं. तुमच्याकडे कुणाला अख्खी येत असेल तर जशी म्हणायचे तशीच लिहा, उच्चार सुधारू नका.