आजार आमच्या घरात, खाडा मावशींचा?

दोन_पिल्लांची_आई
बाळाला सांभाळायला मावशी येतात, साडेनऊ ते सात. पगार 18,000. महिन्याला दोन सुट्ट्या भरपगारी, त्यावर खाडा धरायचा, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं.

या महिन्यात थोरल्याने बालवाडीतून हँड-फूट-माउथ आणलं. मग सव्वा वर्षाच्या धाकटीच्याही तोंडात, तळव्यांवर फोड. सोमवारी सकाळी मी मावशींना फोन केला की आठवडाभर येऊ नका, तुमच्या घरी तीन वर्षांची नात आहे. सहा दिवस आल्या नाहीत.

आता पगाराची वेळ. नवरा म्हणतो, दोन सुट्ट्या वजा करू, चार दिवसांचे 2,400 कापू. मला पटत नाहीये, पण उत्तरही देता येत नाहीये. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मावशी स्वतःच्या खाड्याला पेन्सिलीने फुली मारतात. या सहा चौकोनांत फुली नाही. बोलल्या मात्र काहीच नाहीत.

ठाणेकर७९
नवऱ्याचं बरोबर आहे. काम झालं नाही, पैसे कसले? शिवाय ते सहा दिवस तुम्ही स्वतःची रजा घालवून मुलं सांभाळलीत. म्हणजे रजा पण तुमची गेली आणि पगार पण तुम्हीच द्यायचा. आमच्याकडे एकदा आजारपणाचे पूर्ण पैसे दिले, तर पुढच्या तीन महिन्यांत चारदा कणकण आली. दर वेळी सोमवारीच.

गवती_चहा
@ठाणेकर, सोमवारची कणकण आमच्या ऑफिसातही फार आहे हो. तिथे सिक लीव्ह म्हणतात तिला.

मुद्द्याचं बोलू. मावशींनी दांडी मारली नाही, त्यांना "येऊ नका" सांगितलं. उद्या कंपनीने पाणी तुंबलं म्हणून ऑफिस बंद ठेवलं आणि तुमचा पगार कापला, तर तुम्ही गप्प बसाल?

आणि हा वाद आजचा नाही. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्याची ठिणगीच ही होती: आजारपणात खाडे झाले म्हणून एका बाईला कामावरून काढलं. त्यातून संघटना उभी राहिली, भरपगारी सुट्ट्या मागितल्या. आज पुण्यात "महिन्याला दोन सुट्ट्या, दिवाळीला एक पगार" आपण रीत म्हणून सांगतो, ती कोणीतरी भांडून पाडलेली रीत आहे.

ठाणेकर७९
इतिहास मान्य. पण माझं घर म्हणजे कंपनी नाही. दोघांचे पगार, घराचा हप्ता, बाळाचा खर्च. त्यात बदली बाई ब्यूरोतून आणली तर ती रोजचे हजार मागते. हे सगळं एकाच खिशातून.

अनामिका_हडपसर
मी सहसा लिहीत नाही. माझी आई बावीस वर्षं लोकांची मुलं सांभाळते.

आईला ताप असला की ती सांगत नाही, अंगावर काढते. 2023 च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ होती, तेव्हा तिचे डोळे लालभडक झाले. तरी काळा चष्मा लावून निघाली. मी अडवलं तर म्हणाली, "आधीच दोन झालेत." त्या घरातल्या बाळाचेही डोळे आले. पुढे तिला खूप बोलणी बसली.

उलटंही झालंय. मी दहावीत असताना आई ज्या घरी जायची तिथल्या मुलाला कांजिण्या आल्या. ते "गरमीचे फोड" म्हणाले, कारण खरं सांगितलं तर बाई येणार नाही. माझी पूर्वपरीक्षा कांजिण्यांत गेली. त्यांच्या मुलाच्या औषधाचे डोस आई घड्याळ लावून देत होती आणि घरी मला कडुनिंबाच्या पाल्यावर झोपवलं होतं.

पैसे कापायचेच तर ठरवून कापा. पण घरात काय आलंय ते बाई दारात यायच्या आधी सांगा.

खलबत्ता
@अनामिका, +1.
कायद्याचं कोणी विचारायच्या आधी सांगतो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे, 18 ते 60 वयाच्या बायकांची नोंदणी होते, योजना आहेत. पण आजारपणाच्या भरपगारी रजा किती, हे त्यात नाही. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत घरकामगारांच्या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिलं, मंजुरी अजून दिलेली नाही. म्हणजे तुमचं तुम्हीच ठरवायचं.

आमच्याकडे वहीत तीन ओळी आहेत. त्यांचं आजारपण: वर्षाला बारा दिवस भरपगारी, साठवता येतात. आमच्याकडून सुट्टी (आजार, गावाला जाणं, पाहुणे): पूर्ण पगार. संसर्गाचं काही असेल तर दोघांनी आदल्या रात्री फोन. चार वर्षांत बारा दिवस एकदाच संपले, तेही गर्भाशयाच्या ऑपरेशनला.

दोन_पिल्लांची_आई
काल पूर्ण पगार दिला. देताना सहज नातीचं विचारलं. मावशी म्हणाल्या, "तिला पण आले होते फोड. त्याच आठवड्यात. साडेसातशे गेले डॉक्टरला."

आता खरं लिहिते. थोरल्याला ताप शुक्रवारीच होता, आणि बालवाडीच्या ग्रुपवर साथीचा मेसेजही आला होता. त्या दिवशी माझं प्रेझेंटेशन होतं. मी औषध पाजलं आणि मावशींना सांगितलं, "रात्री झोपला नाही, म्हणून किरकिरतोय." शुक्रवारी आणि शनिवारी त्यांनी त्याला मांडीवर घेऊन भरवलं. वर लिहिताना मी सोमवारपासून सुरुवात केली.

ठाणेकर७९
मग डॉक्टरचे साडेसातशेही द्या. ते मीही दिले असते. बारा दिवस भरपगारी मात्र मला अजून जड वाटतात, सहावर बोलायला तयार आहे.

अनामिका_हडपसर
शुक्रवारचं त्यांना सांगितलंत का?